सोलर घेताय? आधी वहीत हिशेब मांडा : पॅनल किती युनिट देईल, बॅटरी किती तास चालेल?

दुकानदार म्हणतो 'रात्रभर चालेल', आणि तीन तासांत इन्व्हर्टर बीप-बीप करतो. चूक नेमकी कुठं होते? गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही करता येईल असा सोपा हिशेब

गावापासून दोन किलोमीटरवर शेतातली वस्ती. घराची लाईट शेतीच्या फिडरवर. ज्या आठवड्यात दिवसा लाईट, त्या आठवड्यात रात्री अंधार. मुलगी बारावीला. म्हणून घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून सोलर बसवलं : ३३० वॅटची दोन पॅनल, १५० एएचची एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर. पहिल्या वर्षी संध्याकाळी सातला लाईट गेली की रात्री बारापर्यंत सगळं चालायचं. दुसरा पावसाळा सरला आणि दहालाच इन्व्हर्टर ओरडायला लागला.

वडील दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पॅनल कमी पडतंय. अजून एक टाका." वडिलांनी पैशाची जुळवाजुळव सुरू केली. तेवढ्यात आयटीआय झालेला पुतण्या घरी आला. तो म्हणाला, "काका, थांबा जरा. पैसे द्यायच्या आधी वही घ्या." अर्ध्या तासात वहीचं एक पान भरलं, आणि पॅनल घ्यायचं रद्द झालं.

असं घर आता जवळपास प्रत्येक गावात सापडेल. छतावरचं सोलर असो, वस्तीवरचं असो की विहिरीवरचा सौरपंप, सगळीकडं एकच अडचण आहे. वस्तू घेतली जाते, हिशेब होत नाही. त्या पुतण्यानं वहीत काय लिहिलं, ते एकेक पायरीनं बघू.

आधी वॅट आणि युनिट यातला फरक

पाण्याच्या भाषेत सांगायचं तर वॅट म्हणजे पाइपातून पडणारी धार. धार मोठी की बारीक, एवढंच वॅट सांगतो. युनिट म्हणजे त्या धारेखाली हौदात जमलेलं पाणी. धार किती मोठी आणि किती वेळ चालली, या दोन्हींचा गुणाकार केला की हौदात किती जमलं ते कळतं.

१०० वॅटचा बल्ब १० तास चालला की १००० वॅट-तास झाले. १००० वॅट-तास म्हणजेच १ युनिट. आपल्या लाईट बिलावर असतं ते हेच युनिट.

सोलरमध्ये पॅनल म्हणजे झरा आणि बॅटरी म्हणजे हौद. झरा किलोवॅटमध्ये मोजतात, हौद युनिटमध्ये म्हणजे किलोवॅट-तासात. कोणी म्हणालं '५ किलोवॅटची बॅटरी', तर लगेच विचारावं, धार सांगताय की हौद? दोन्ही आकडे वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

पायरी पहिली : घराला लागतं किती?

प्रत्येक वस्तूवर मागं किंवा खाली बारीक अक्षरात वॅट लिहिलेला असतो. तो बघायचा, वस्तू किती आहेत आणि लाईट नसताना किती तास चालवायच्या ते लिहायचं, आणि गुणाकार करायचा. त्या वस्तीवरच्या घराचा हिशेब असा निघाला :

• ९ वॅटचे ४ एलईडी बल्ब, ५ तास : १८० वॅट-तास
• ७५ वॅटचे २ पंखे, ८ तास : १२०० वॅट-तास
• ६० वॅटचा १ टीव्ही, ३ तास : १८० वॅट-तास
• १० वॅटचा वायफाय राउटर, ८ तास : ८० वॅट-तास
• ४ मोबाईल चार्जिंगला, प्रत्येकी साधारण १५ : ६० वॅट-तास

एकूण : १७०० वॅट-तास, म्हणजे १.७ युनिट.

यादी नीट बघा. १७०० पैकी १२०० एकटे पंखेच खातात. लोक बल्ब बंद करत फिरतात आणि पंखा तसाच चालू ठेवतात. हिशेब मांडल्याशिवाय हे दिसत नाही.

आता बाजारात बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. ते फुल स्पीडला साधारण २८ ते ३५ वॅट घेतात. ३० धरले तर दोन पंखे आठ तास चालून ४८० वॅट-तास. म्हणजे घराची एकूण गरज १७०० वरून थेट ९८० वर येते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पायरी दुसरी : बॅटरीत मावतं किती आणि निघतं किती?

बॅटरीवर दोन आकडे असतात. व्होल्ट (बहुतेक १२) आणि एएच, म्हणजे अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात.

१२ व्होल्ट × १५० एएच = १८०० वॅट-तास

गरज १७०० ची आणि बॅटरी १८०० ची. मग भागायला पाहिजे, असं कुणालाही वाटेल. इथंच फसगत होते. तीन ठिकाणी गळती असते.

पहिली गळती, खोली. ट्युब्युलर किंवा साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. रोज तळाला नेली तर आतल्या प्लेटी लवकर खराब होतात आणि बॅटरीचा दम दर महिन्याला कमी होत जातो. बॅटरी बरीच वर्षं टिकवायची असेल तर रोजच्या वापरासाठी निम्मीच धरायची. १८०० चे राहिले ९००.

दुसरी गळती, इन्व्हर्टर. बॅटरीतली डीसी वीज घरातल्या एसीत बदलताना काही भाग उष्णता होऊन जातो. साधारण १५ टक्के धरा. ९०० चे राहिले ७६५.

तिसरी गळती, वेग. बॅटरीच्या कागदावर एएचच्या पुढं सी-१० किंवा सी-२० लिहिलेलं असतं. सी-२० म्हणजे १५० एएच हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तर. तीच बॅटरी पाच तासांत ओरबाडली तर तेवढं निघत नाही. सी-१० वाली १५० एएच ही सी-२० वाल्या १५० एएचपेक्षा दमदार असते. सोलरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर बहुतेक सी-१० लिहिलेलं असतं. दोन दुकानांचे भाव ताडून बघताना हे अक्षर आधी बघायचं.

म्हणजे १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण जपून वापरली तर रोज पाऊण युनिटाच्या आसपास देणारी. घराची गरज १.७ युनिट. निम्म्यालाही पुरत नाही.

मग पहिल्या वर्षी पाच तास चाललं कसं? कारण घरच्यांनी ती रोज तळापर्यंत नेली. दोन पंखे, चार बल्ब, टीव्ही आणि राउटर मिळून धार होते २५६ वॅटची. नवी बॅटरी पूर्ण उपसली की साधारण पाच तास निघतात. पण रोजच्या उपशानं दीड वर्षात तिचा दम गेला. आता ती पूर्ण उपसूनही साधारण ७६५ वॅट-तासच देते. ७६५ भागिले २५६ म्हणजे तीन तास. सातला लाईट गेली की दहाला बीप. वहीतला आकडा आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर जुळलं.

मग बॅटरी किती एएचची घ्यायला हवी?

उलटा हिशेब करायचा. गरजेला आधी ०.८५ नं भागायचं (इन्व्हर्टरची गळती), मग ०.५ नं भागायचं (निम्मीच वापरायची), आणि शेवटी १२ नं भागायचं.

• जुने पंखे ठेवून : १७०० ÷ ०.८५ = २०००, ÷ ०.५ = ४०००, ÷ १२ = ३३३ एएच. म्हणजे २०० एएचच्या दोन बॅटऱ्या. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावायच्या तर इन्व्हर्टरही २४ व्होल्टचा.
• बीएलडीसी पंखे लावून : ९८० ÷ ०.८५ = ११५३, ÷ ०.५ = २३०६, ÷ १२ = १९२ एएच. म्हणजे २०० एएचची एकच बॅटरी.

दोन पंखे बदलायला साधारण पाच-सहा हजार लागतात. ते बदलले नाहीत तर एक मोठी बॅटरी आणि नवा इन्व्हर्टर असा खर्च वाढतो, आणि बॅटरीचा खर्च तर काही वर्षांनी पुन्हा येतोच.

लिथियम बॅटरी घेणाऱ्यांनी (घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बघावी) ०.५ च्या जागी ०.८ धरावं, कारण ती जास्त खोल वापरली तरी चालते. तिचा व्होल्ट १२.८ असतो. ९८० ची गरज असेल तर ९८० ÷ ०.८५ ÷ ०.८ = १४४१, ÷ १२.८ = साधारण ११३ एएच. म्हणजे १२० एएचची लिथियम बॅटरी तेच काम करेल जे २०० एएचची लेड-ॲसिड करते. किंमत जास्त, पण पाणी टाकायची कटकट नाही, वजन कमी आणि आयुष्य जास्त. मात्र तुमचा इन्व्हर्टर लिथियमला चालतो का, हे आधी विचारून घ्या. सगळे चालत नाहीत.

एक गैरसमज इथंच मोडू. काही जण सांगतात, दोन बॅटऱ्या पॅरलल लावल्या की जास्त वेळ चालतं. तसं काही नाही. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये २४ व्होल्ट × १५० एएच, आणि पॅरललमध्ये १२ व्होल्ट × ३०० एएच. दोन्हीकडं गुणाकार ३६०० च येतो. हौद तेवढाच, फक्त तोटी वेगळी. नवी आणि जुनी बॅटरी मात्र कधीही एकत्र जोडू नका. जुनी नवीलाही खाली ओढते.

पायरी तिसरी : पॅनल खरंच किती देतं?

पॅनलवर ५४० वॅट लिहिलं म्हणजे दिवसभर ५४० मिळत नाहीत. तो आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो. एका चौरस मीटरवर १००० वॅटचं ऊन आणि पॅनलच्या आतल्या सेलचं तापमान २५ अंश, अशी ती चाचणी. आपल्याकडं उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्यावरच्या पॅनलचा सेल ६५ अंशांपर्यंत तापतो. २५ च्या वर प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. ४० अंश जास्त झाले तर १४ टक्के तिथंच गेले. म्हणून 'मे महिन्यात कडक ऊन, म्हणजे भरपूर वीज' हे पूर्ण खरं नाही. पॅनलला ऊन हवं, पण उकाडा नको. पत्र्याला चिकटवून बसवण्यापेक्षा खालून वारा खेळेल एवढं उंच बसवलेलं बरं.

त्यात धूळ, वायरमधली घट आणि इन्व्हर्टरची घट धरली की सगळी मिळून २० ते २५ टक्के वजा होतात. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण पाच-साडेपाच तासांचं 'पूर्ण ऊन' मिळतं. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन धरून केलेली ही बेरीज आहे. त्यावरून एक सोपा ठोकताळा तयार होतो :

१ किलोवॅट पॅनल = दिवसाला सरासरी ४ युनिट = महिन्याला साधारण १२० युनिट.

ही वर्षाची सरासरी झाली. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत हेच पॅनल २ ते ३ युनिटांवर येतं, आणि झड लागली की एखाद्या दिवशी एक युनिटही देत नाही. कोणी बारा महिने रोज ५-६ युनिट सांगत असेल तर ते कोटेशनवर लिहून मागा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. कडुलिंबाची एक फांदी, पाण्याची टाकी किंवा डिशची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी बाकीच्या पॅनलची वीज ओढली जाते, कारण पॅनल एका माळेत जोडलेली असतात. धूळ पुसायची तर सकाळी लवकर, पॅनल गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आता वस्तीवरच्या घराचं बघू. ३३० ची दोन पॅनल म्हणजे ६६० वॅट. ०.६६ × ४ = २.६ युनिट रोज. लेड-ॲसिड बॅटरीत वीज घालता-काढताना साधारण २० टक्के जातात, राहिले २.१. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, राहिले १.८. घराची गरज १.७. म्हणजे पॅनल पुरेसं होतं.

आणि हीच मुख्य गोष्ट. झरा बरोबर होता, हौद लहान होता. बॅटरी दुपारीच भरायची आणि पुढचं ऊन वाया जायचं. तिसरं पॅनल टाकलं असतं तर अजून ऊन वाया गेलं असतं, आणि रात्री दहाला बीप तशीच वाजली असती.

उलट नुकसानच झालं असतं. १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १५ ते २० अँपिअरनं भरलेली चांगली. ६६० वॅटचं पॅनल भर दुपारी ४० अँपिअरपर्यंत जाऊ शकतं. मधला चार्ज कंट्रोलर योग्य नसेल किंवा त्याची सेटिंग चुकली असेल, तर बॅटरी तापते, पाणी लवकर उडतं आणि आयुष्य घटतं. बॅटरीला महिन्याआड पाणी लागत असेल तर आधी चार्जिंग तपासा.

छतावरचं सोलर घेणाऱ्यांसाठी : लाईट गेली की तेही बंद

'पीएम सूर्यघर : मोफत बिजली' ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. जास्तीत जास्त ७८ हजार. त्यासाठी घर किती किलोवॅटचं, हा हिशेब तर अजून सोपा. वर्षभराची बिलं काढा, महिन्याची सरासरी युनिट काढा आणि १२० नं भागा. १८० युनिट वापर असेल तर दीड किलोवॅट पुरे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

पण या सोलरला बहुतेक ठिकाणी बॅटरी नसते. दिवसा जास्तीची वीज लाइनीत जाते, रात्री लाइनीतून परत येते आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. म्हणजे महावितरणची लाइन हाच तुमचा हौद. त्यामुळं लाईट गेली की छतावर कडक ऊन असलं तरी घरात अंधार. हा बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या पॅनलचा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. बिल कमी करायचं असेल तर हे सोलर उत्तम. लोडशेडिंगसाठी घेत असाल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी लागेल, आणि तिचा हिशेब वरच्यासारखाच करावा लागेल.

सौरपंप : इथं बॅटरी म्हणजे शेततळं

राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्यापुढं साडेसात एचपीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पंप किती पाणी देईल, याचाही ठोकताळा आहे.

१००० लिटर पाणी १ मीटर वर उचलायला २.७ वॅट-तास लागतात. ही निसर्गाची किंमत, यात कुणालाही सूट नाही. पंप आणि मोटर मिळून निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाण्यापर्यंत पोचते, म्हणून व्यवहारात ६ वॅट-तास धरा.

हजार लिटर × मीटर × ६ = लागणारे वॅट-तास

पाणी ३० मीटरवर (साधारण १०० फूट) आहे आणि ५० हजार लिटर उपसायचं आहे. ५० × ३० × ६ = ९००० वॅट-तास, म्हणजे ९ युनिट. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ किलोवॅटची पॅनल असतात. ३ × ४ = १२ युनिट. म्हणजे चांगल्या दिवशी ६५ हजार लिटरच्या आसपास. पाणी २०० फुटांवर गेलं की निम्मं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पातळी खोल गेल्यावर पंप 'कमी ओढतो' असं वाटतं. पंप तोच असतो, उचल वाढलेली असते.

शेताकडून बघा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. ठिबकवर उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरलं तर एकराला २० हजार लिटर. ६५ हजार लिटरमध्ये तीन एकर भिजतं. अडीच एकराला ३ एचपी का देतात, ते इथं कळतं.

सौरपंपाला बॅटरी देत नाहीत, त्यालाही कारण आहे. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त. दिवसभर उपसून शेततळ्यात किंवा उंच टाकीत टाकलं की रात्री वीज लागतच नाही.

यावरून काही जण विचारतात, उंच टाकीतलं पाणी सोडून रात्री वीज करता येईल का? हिशेब करू. १० हजार लिटरची टाकी १० मीटर उंच : १० × १० × २.७ = २७० वॅट-तास. सगळी वीज मिळाली असं धरलं तरी पाव युनिट. दोन जुने पंखे दोन तासही चालणार नाहीत. त्यापेक्षा कोपऱ्यातली एक बॅटरी कितीतरी जास्त साठवते. पाण्यात वीज साठवायला डोंगर आणि धरण लागतं. अकोले तालुक्यातल्या घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प नेमकं हेच करतो. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं.

पैसे देण्याआधी दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. बॅटरीचा एएच सी-१० वर आहे की सी-२० वर?
२. वॉरंटी किती वर्षं, आणि त्यातली किती वर्षं फुकट बदलून मिळणार? रोज किती टक्के वापर धरून ती दिली आहे?
३. इन्व्हर्टर व्हीएमध्ये सांगताय की वॅटमध्ये? ८५० व्हीए म्हणजे ८५० वॅट नव्हे, बहुतेक ७०० च्या आसपास. पक्का आकडा कागदावर बघा.
४. चार्ज कंट्रोलर किती अँपिअरचा, आणि तो माझ्या बॅटरीला सेट करून देणार का?
५. वर्षाला किती युनिट मिळतील आणि जुलैत किती मिळतील, हे कोटेशनवर लिहून देणार का?
६. लाईट गेल्यावर हे सोलर चालू राहतं की बंद पडतं?

जो दुकानदार या सहा प्रश्नांची सरळ उत्तरं देतो, त्याच्याकडं दोन-तीन हजार जास्त गेले तरी माल तिथूनच घ्यावा.

वस्तीवरच्या घरात पुढं काय झालं?

तिसरं पॅनल आलं नाही. आधी बॅटरीच्या वॉरंटीचा कागद शोधला आणि ती तपासायला दिली. दम गेला, पण फुकट बदलून मिळण्याची मुदत संपली होती. मग दोन पंखे बदलले. धार २५६ वॅटवरून १६६ वर आली. जुन्याच बॅटरीवर तीन तासांचे साडेचार तास झाले. टीव्ही बंद ठेवला आणि दहानंतर फक्त दोन पंखे, मुलीच्या अभ्यासाचा एक बल्ब आणि राउटर ठेवला, तर तीच बॅटरी मध्यरात्र उलटून साडेतीनपर्यंत जाते. टीव्ही बघायचा की नाही, यावर घरात अजून रोज वाद होतो, पण निदान किती तास शिल्लक आहेत हे सगळ्यांना माहीत असतं.

ही बॅटरी थकलेलीच आहे, ती परत ताजी होणार नाही. पण ती संपेल तेव्हा २०० एएचची एकच नवी घ्यायची, हे आता ठरलंय. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतात. आणि दिवसा बॅटरी भरल्यावर वाया जाणाऱ्या उन्हात मोबाईल, टॉर्च आणि फवारणी पंपाची बॅटरी चार्ज होते.

घरी वही असेलच. आज संध्याकाळी लाईट असताना घरातल्या वस्तूंचे वॅट लिहून काढा. अर्धा तास लागेल.